आधी काठी, मग विळा

श्रावण संपत आला की आमच्या कोकणात दोन गोष्टींची घाई सुरू होते. एक गणपतीची आणि दुसरी गवताची. मुंबईचे चाकरमानी यायचे असतात, मूर्ती आणायची असते, आणि रस्त्यापासून पडवीपर्यंतची पायवाट तर गवतात पार बुडून गेलेली असते. जून-जुलैच्या पावसाने परड्यात, गडग्याच्या कडेने, विहिरीच्या वाटेवर कंबरभर गवत माजलेलं असतं. मग घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, "गणपतीच्या आधी एवढं गवत काढून घ्यायला हवं."

हे वाक्य मीही दरवर्षी म्हणते. पण काही वर्षांपूर्वी चतुर्थीच्या दोन दिवस आधी ते जसं म्हटलं, तसं आता म्हणत नाही. का, तेच आज सांगायचं आहे.

आमच्याकडे गवत काढायला वर्षानुवर्षं एक मावशी येतात. साठीला टेकलेल्या, काटक, कामाला वाघीण. त्या दिवशी सकाळपासून पावसाची भुरभुर होती. दुपारी चारच्या सुमारास मी चहा घेऊन गेले, तर मावशी डाव्या हाताचा अंगठा तोंडात धरून उभ्या.

"काय झालं मावशी?"

"काय नाय वो वैनी, काटा भरला."

मी हात बघितला. अंगठ्याच्या बाजूला बारीकसा रक्ताचा ठिपका. मी म्हटलं, "हळद लावून देते." हळद लावली, चहा दिला. आणि मग मी पायरीवर उभी राहून जे बोलले, ते आजही कानात वाजतं. मी म्हटलं, "मावशी, पाहुणे उद्या येतायत. आज उरकाच." मावशींनी आणखी दोन तास गवत काढलं.

रात्री नऊ-साडेनऊला त्यांचा मुलगा धापा टाकत दारात. आईचा हात कोपरापर्यंत सुजलाय, आणि चूळ भरली तर हिरड्यांतून रक्त येतंय, थांबतच नाही. घरात कुणी म्हणत होतं पाणी उतरवून आणू, कुणी म्हणत होतं सकाळी बघू. आमच्या ह्यांनी गाडी काढली. ग्रामीण रुग्णालयात पोहोचेपर्यंत दहा वाजून गेले होते. म्हणजे काटा भरल्याला सहा तास.

ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी मावशींचं थोडं रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेतलं आणि नळी न हलवता टेबलावर ठेवून दिली. वीस मिनिटं. निरोगी माणसाचं रक्त तेवढ्या वेळात गोठून घट्ट होतं. वीस मिनिटांनी डॉक्टरांनी नळी तिरकी केली, तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. "काटा नाही हा," ते म्हणाले, "फुरसं आहे."

मावशींना साप दिसलाच नव्हता. त्या वाचल्या, कारण रुग्णालयात लस होती आणि डॉक्टर जागे होते. पाच दिवस त्या वॉर्डात होत्या. आमच्या घरी आरत्या चालू होत्या आणि माझं लक्ष सगळं तिकडे. तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले, तर मावशी हळूच म्हणाल्या, "वैनी, हजेरी चार वाजेपर्यंतचीच धरा हां. मंग काय नीट काम झाला नाय."

मैत्रिणींनो, त्या वाक्याने मला जी लाज वाटली, ती शब्दांत सांगता यायची नाही. ज्या हाताने त्या माझं अंगण स्वच्छ करत होत्या, त्या हातात मी एक मोजासुद्धा दिला नव्हता. मी महिला मंडळात भाषणं करते, बचत गटाच्या बैठका घेते. आणि माझ्याच दारात ही गत!

डावा हात आंधळा

त्यानंतर मी गवत कापणाऱ्या बायकांकडे नीट बघायला लागले. उजव्या हातात विळा. डाव्या हाताने गवताची मूठ धरायची, बुडाशी विळा लावायचा, ओढायचा, मूठ बाजूला टाकायची, की पुन्हा डावा हात गवतात. म्हणजे उजवा हात आपल्याला दिसतो, पण डावा हात कंबरभर गवतात आंधळ्यासारखा जातो. तो कुठे पडतोय ते दिसत नाही. आणि पाय? पायांत बहुतेकींच्या झिजलेली स्लीपर, नाहीतर काहीच नाही.

फुरसं हा आमच्या कोकणातला छोटासा साप. फूट-दीड फुटाचा, मातीच्या रंगाचा. जांभ्याच्या दगडाखाली, गडग्याच्या फटीत, पालापाचोळ्यात बसलेला असतो. चिडला की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासतो आणि करवतीसारखा करकर आवाज येतो. पण पावसाच्या आवाजात, गप्पांच्या नादात तो कुणाला ऐकू येणार? दंश छोटा, म्हणून काटा वाटतो. विष रक्तात भिनून रक्त गोठणं थांबायला मात्र काही तास लागू शकतात. तोवर बाई कामही करते, भाकऱ्याही थापते.

देशावर आणि विदर्भात फुरशाबरोबर घोणस, नाग, मण्यार यांची भीती जास्त. घोणस जाडजूड, अंगावर साखळीसारखे ठिपके, कुकरच्या शिट्टीसारखी फुसकारते. मण्यार रात्री फिरते. तिचा दंश कित्येकदा दुखतसुद्धा नाही, झोपेतच डोळ्यांच्या पापण्या जड होतात. या चौघांच्या दंशाने आपल्या देशात सर्वात जास्त माणसं दगावतात. किती? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने हिशेब मांडला, की २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली. वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. आणि त्यातली बहुतेक खेड्यातली, पावसाळ्यातली. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं. २०२४ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं उद्दिष्ट आहे. आराखडा दिल्लीत झाला, पण गवत आपल्या दारात आहे. तेव्हा सुरुवात आपल्यापासूनच व्हायला हवी.

उपाय अवघड नाहीत. आधी लांब काठी घ्यावी, गवतात आपटावी, जमिनीवर ठोकावी. सापाला आपल्यासारखे कान नसतात, पण जमिनीची थरथर त्याला कळते. त्याला निघून जायला दोन मिनिटं द्यावीत. गवत हाताने न धरता टोकाला आकडा असलेल्या काठीने ओढून धरावं आणि मग विळा लावावा. सुरुवातीला काम हळू होतं हे खरं, पण दोन दिवसांत हात बसतो. दगड, लाकूड, चिरा उचलायचा झाला तर हात घालून नाही, आधी काठीने उलटून. पायात गमबूट, हातात जाड मोजे. कापलेल्या गवताचा ढीग रात्रभर दारात पडू देऊ नये, आणि पडलाच तर सकाळी काठीने उलगडल्याशिवाय उचलून डोक्यावर घेऊ नये. आणि सगळ्यात मुख्य, दिवेलागणीनंतर गवताला हात लावायचा नाही. पाहुणे येवोत नाहीतर न येवोत.

बांगड्या आधी काढा

एवढी काळजी घेऊनही दंश झालाच तर? त्या रात्री डॉक्टरांनी मला जे समजावलं, ते मी आता प्रत्येक बैठकीत सांगते.

पहिलं म्हणजे घाबरून पळायचं नाही. चालायचंही नाही. बसायचं किंवा आडवं व्हायचं. दंश हाताला असेल तर त्या हातातल्या बांगड्या, अंगठी, घड्याळ ताबडतोब काढायचं. पायाला असेल तर जोडवी, पैंजण. सूज चढली की हे दागिने मांसात रुततात. आपल्या बायका इथेच अडतात. "सणासुदीची बांगडी कशी काढू, अपशकुन होतो," असं मावशीही म्हणाल्या होत्या. शेवटी नर्सबाईंनी कात्रीसारख्या हत्याराने त्या सुजलेल्या हातातल्या बांगड्या एकेक करून फोडल्या. हात राहिला तर बांगड्या पुन्हा भरता येतात बायांनो!

दुसरं, दोरी किंवा रुमाल आवळून बांधायचा नाही. ब्लेडने कापायचं नाही, तोंडाने चोखायचं नाही, बर्फ लावायचा नाही. कडुलिंबाचा पाला चावायला देऊन कडू लागतो का ते बघण्यात वेळ घालवायचा नाही. मोडलेल्या हाडाला जशी फळी बांधतात, तशी लाकडी पट्टी किंवा पुठ्ठा लावून हात-पाय हलणार नाही एवढंच करायचं. कुणी आधीच आवळपट्टी बांधली असेल, तर ती घरी भसकन सोडायची नाही, डॉक्टरांसमोरच सोडायची. उलटी होत असेल, गुंगी येत असेल तर डाव्या कुशीवर झोपवायचं.

तिसरं, १०८ला फोन. गाडी यायला उशीर होणार असेल तर जे वाहन मिळेल ते. मोटरसायकल असेल तर रुग्णाला मधे बसवून मागे एकाने धरायचं. निघण्यापूर्वी फोन करून विचारायचं, की सर्पदंशाची लस आहे ना? नसेल तर तिथे थांबण्यात अर्थ नाही. दंशाची वेळ कागदावर लिहून घ्यायची.

चौथं, सापाच्या मागे लागायचं नाही. "साप मारून घेऊन या, म्हणजे डॉक्टरांना कळेल," हा जुना सल्ला. तो विसरा. आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकच असते. साप मारायला गेलेल्या माणसालाच दुसरा दंश व्हायचा. ही लस घोड्यांना विषाची अगदी थोडी थोडी मात्रा टोचून, त्यांच्या रक्तात तयार होणाऱ्या प्रतिद्रव्यांपासून बनवतात, आणि सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते. मांत्रिकाकडे किंवा देवळात जायचं तर जरूर जा, पण लस घेऊन, बरं होऊन, नारळ फोडायला जा.

विंचवाचंही तसंच. आमच्या कोकणातला लाल विंचू दगडाखालीच असतो, आणि एके काळी त्याच्या दंशाने धडधाकट मुलं डोळ्यांदेखत जायची. महाडसारख्या छोट्या गावात राहून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशाचा अभ्यास केला, प्राझोसिन नावाच्या औषधाने हे मृत्यू रोखता येतात हे दाखवून दिलं, आणि जगाने त्याची दखल घेतली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे विंचू "उतरवण्या"त घालवलेला वेळ आता कुठल्याच हिशेबात बसत नाही.

मशीन आलं, दगड उडाले

मावशींच्या प्रसंगानंतर मी ठरवलं, आता विळा नको, मशीनवाला बोलवू. आंबा-काजूच्या बागांत आता सगळीकडे ग्रास कटरच फिरतो. पाठीला पट्टा, लांब दांडा, टोकाला फिरणारं पातं, आणि टर्रर्र असा आवाज. एक तरुण मुलगा आला. पायात स्लीपर, डोळ्यांवर काही नाही. मी म्हटलं, "चष्मा नाही का रे?" तर हसला. "काकू, सवय आहे."

पंधरा मिनिटांत पातं गवतात लपलेल्या जांभ्याच्या तुकड्याला लागलं. खण्णकन आवाज झाला आणि दगडाची कपची गोळीसारखी सुटली. पडवीत सासूबाई वाती वळत बसल्या होत्या, चांगल्या तीसेक फुटांवर. कपची थेट त्यांच्या चष्म्याच्या काचेवर. काच तडकली, भुवईवर खोक पडली. डोळा वाचला तो त्या जाड भिंगामुळे. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "अगं, या वयात मोतीबिंदूच्या चष्म्याने डोळा वाचवला म्हणायचा!" त्या हसल्या, पण माझे हातपाय लटपटत होते.

नंतर मी त्या मशीनबरोबर आलेलं माहितीपुस्तक त्या मुलाकडून मागून घेतलं. त्याच्या घरी ते पिशवीतून बाहेरच निघालं नव्हतं. त्यात स्पष्ट लिहिलेलं, मशीन चालू असताना पंधरा मीटरच्या आत, म्हणजे सुमारे पन्नास फुटांत, दुसरं कुणीही नको. ना माणूस, ना गुरं. आपल्याकडे मात्र मशीन चालू झालं की पोरं बघायला गोळा होतात आणि बाई मागोमाग गवत गोळा करत जाते!

म्हणून आता आमच्याकडे मशीनवाला यायच्या आधी मी आणि मुलगी बूट घालून, काठी घेऊन सगळ्या अंगणातून फिरतो. दगड, बाटल्या, तार, नारळाच्या करवंट्या, मुलांचे हरवलेले चेंडू, सगळं उचलतो. तार तर फार वाईट, ती पात्याला गुंडाळते आणि तुटून उडते. घराजवळ लोखंडी पात्याऐवजी नायलॉनची दोरी लावायला सांगते, तिचा मार त्यातल्या त्यात कमी. काही जण पैसे वाचवायला दोरीच्या जागी लोखंडी तार लावतात. तसं करणाऱ्याला मी सरळ परत पाठवते. पात्यावरचं संरक्षक कव्हर काढलेलं असेल तरीही. डोळ्यांना बंद चष्मा, कानांत बोळे, पूर्ण पँट आणि बूट, एवढं असेल तर काम सुरू. पातं झाडाच्या खुंटाला किंवा दगडाला लागलं की दांडा बाजूला जोरात झटका मारतो, म्हणून तो दोन्ही हातांनीच धरायचा आणि पट्टा नीट अडकवायचा. गवत अडकलं तर इंजिन बंद करून, पातं पूर्ण थांबल्यावर, प्लगची टोपी काढून मगच हात लावायचा. आणि पेट्रोल? गरम इंजिनात कधीच नाही. दहा मिनिटं थंड होऊ द्यायचं, तोवर चहा घ्यायचा. चहा मी देते.

लॉनवाल्या मैत्रिणींसाठी

आमच्या तालुक्याच्या गावात "लॉन" म्हटलं की पूर्वी लग्नाचं कार्यालयच आठवायचं. आता नव्या बंगल्यांच्या कॉलनीत खरोखरची हिरवळ दिसायला लागली आहे, आणि ती कापायला विजेवर चालणारी छोटी मशीनं घरात आली आहेत. काम सोपं, म्हणून बऱ्याच जणी स्वतःच करतात. छानच आहे. पण वीज आणि ओलं गवत यांचं वैर लक्षात ठेवा. पाऊस पडून गेल्यावर, दव असताना मशीन लावायचं नाही. वायर पात्याखाली येणार नाही अशी खांद्यावरून मागे सोडायची, आणि जोड दिलेली, चिकटपट्टी गुंडाळलेली वायर वापरायची नाही. घराच्या मुख्य बोर्डावर गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी आहे का, ते इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या. तो नुसत्या मशीनसाठीच नाही, गिझर-वॉशिंग मशीनसाठीही हवाच.

माझी नणंदेची मुलगी अमेरिकेत असते. तिकडे दर शनिवारी घरोघरी गवत कापायचं मशीन फिरतं. ती सांगत होती, "मामी, मशीन काढलं की आधी लहान मुलं घरात. सहा वर्षांखालचं मूल अंगणात दिसताच कामा नये. बारा वर्षांच्या आत मुलांच्या हातात ढकलायचं मशीनही द्यायचं नाही, असं इथले बालरोगतज्ज्ञ सांगतात. आणि चपला घालून तर नाहीच." मशीन मागे ओढताना पाठीशी आलेलं मूल दिसत नाही, म्हणून मशीन ओढायचं नाही, ढकलायचं. उतारावर मात्र वरखाली नाही, आडवं आडवं चालवायचं, म्हणजे पाय घसरला तरी पात्याखाली जात नाही. गंमत म्हणजे हे गवत कापायचं मशीन निघालं कापडाच्या गिरणीतून! १८३० साली इंग्लंडमधल्या एडविन बडिंग नावाच्या कारागिराने, कापडावरची लव कापणारं यंत्र बघून ते बनवलं. लव कापणाऱ्या पात्याला बोट कापायला किती वेळ लागणार?

चार दिवसांनी येणारा ताप

सापाची भीती सगळ्यांना असते, पण गवतातून येणाऱ्या तापाकडे कुणाचं लक्ष नसतं. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात, चिखलात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं. पायाला भेग, हाताला खरचट असेल तर त्यातून लेप्टोचे जंतू शिरतात. आठवडा-दोन आठवड्यांत कडक ताप, डोळे लाल, पोटऱ्या आणि कंबर भयंकर दुखणं. कामाच्या बाईला वाटतं, अंग दुखतंय ते कामानेच. ती गोळी घेते आणि पुन्हा कामावर. लेप्टो वाढला की कावीळ होते, मूत्रपिंडावर येतं.

दुसरा स्क्रब टायफस. गवतातल्या बारीक माइटच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या पिल्लांच्या चाव्यातून होतो. २०१८ साली नागपूर आणि आजूबाजूच्या विदर्भात याची मोठी साथ आली होती. चाव्याच्या जागी सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली दिसते. ती कुठे? काखेत, स्तनांखाली, जांघेत, कमरेला. म्हणजे बाई डॉक्टरांना दाखवायला लाजेल नेमक्या तिथे. म्हणून गवतातून आल्यावर आंघोळ करताना अंग नीट बघा, आणि ताप आला तर डॉक्टरांना आपणहून सांगा, "मी गवतात काम केलं होतं." हे एक वाक्य निदान सोपं करतं. दोन्ही आजारांवर साधी, स्वस्त औषधं आहेत, फक्त वेळेत मिळायला हवीत. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे २०१६ पासून गोचिडांमुळे माकडतापही आला. त्याचा काळ पावसानंतरचा, काजूच्या हंगामातला. पालापाचोळ्यात काम करणाऱ्यांनी अंगभर कपडे घालावेत आणि आरोग्य केंद्रातून मिळणारं तेल लावावं.

गाजरगवताचं तर सगळ्यांना माहीतच आहे. १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा त्याची नोंद झाली आणि बघता बघता ते देशभर पसरलं. त्याने अंगावर खाज, चट्टे येतात, दमेकऱ्यांना त्रास होतो. ते फुलायच्या आधी, ओल्या जमिनीतून, मोजे घालून मुळासकट उपटावं. "त्यापेक्षा तणनाशक मारू," असं म्हणणाऱ्यांना मी एकच आठवण देते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात शेतात औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. ते औषध कीटकांचं होतं, तणांचं नाही. पण उघड्या अंगाने, तोंड न झाकता फवारायची आपली सवय तीच आहे. अंगणात मुलं खेळतात, कोंबड्या चरतात, विहीर जवळ असते. तिथे विळाच बरा.

आणि विळ्याने बोट कापलं तर? साबण-पाण्याने भरपूर धुवायचं, स्वच्छ फडक्याने दाबून धरायचं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवायचं. आठवत नसेल तर दवाखाना गाठायचा. माती, चहापूड, तंबाखू जखमेत भरायची नाही.

पाच नंबरचे गमबूट

मावशी घरी आल्यावर आमच्या बचत गटाची बैठक झाली. मी विषय मांडला, की गवताचं काम करणाऱ्या बायकांसाठी गटातर्फे गमबूट, मोजे आणि आकड्याच्या काठ्या घ्यायच्या. पहिल्यांदा सगळ्या हसल्या. "वैनी, लुगड्यावर गमबूट? गाव हसंल." एक म्हणाली, "घाम येतो, पाय उबतात." एक जण म्हणाली, "आमच्या सासूने जन्मभर अनवाणी गवत काढलं, तिला काय झालं?" तिच्या शेजारची हळूच म्हणाली, "तुज्या सासूला नाय झाला, माज्या आयेला झाला." बैठक एकदम गप्प झाली. तिची आई पंचवीस वर्षांपूर्वी अशाच श्रावणात गेली होती. काटा भरला म्हणूनच.

मग बूट घ्यायचं ठरलं. पण दुकानात गेलो तर गमबूट सात नंबरच्या पुढेच! दुकानदार म्हणाला, "ताई, बायका कुठे गमबूट घेतात?" अहो, बायका घेत नाहीत म्हणून ठेवत नाही, आणि ठेवत नाही म्हणून बायका घेत नाहीत. गवत काढतात बायका, भात लावतात बायका, आणि बूट पुरुषांच्या मापाचे! शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणाहून पाच आणि सहा नंबरचे बारा जोड मागवले. आता आमचा दुकानदारही ते ठेवतो.

आणखी एक गोष्ट या निमित्ताने कळली, ती मनाला लागली. राज्यात २०२३पासून गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. त्यात सर्पदंशही येतो. पण ती खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातली एक व्यक्ती यांच्यासाठी. दुसऱ्याच्या अंगणात रोजाने गवत काढणाऱ्या, सातबारावर नाव नसलेल्या मावशींचं काय? त्यांच्यासाठी जे काही करायचं, ते आधी काम देणारीनेच करायला हवं. मी मावशींना त्या दिवशीची पूर्ण आणि पुढच्या पंधरा दिवसांची हजेरी दिली. त्या घ्यायला तयार नव्हत्या. हा मोठेपणा नव्हे. उशिरा सुचलेलं शहाणपण आहे, म्हणून सांगते. तुमच्याकडे कुणी गवताला येत असेल, तर मजुरीबरोबर बूट आणि मोजेही तुमच्याच घरातून द्या. आणि "आज उरकाच" असं म्हणू नका.

गवताला हात घालण्यापूर्वी

• गमबूट, जाड मोजे, पूर्ण बाह्या. पदर आणि केस घट्ट खोचलेले.
• आधी काठी आपटायची, मग विळा. गवत आकड्याने धरायचं.
• संध्याकाळी पाचनंतर काम बंद.
• मशीन लावण्यापूर्वी दगड-तार वेचायचे. पन्नास फुटांत कुणी नको, मुलं घरात.
• "काटा भरला" असं वाटलं तरी जागा नीट बघा. सूज, वेदना वाढली, कुठूनही रक्त आलं, पापण्या जड झाल्या तर थेट रुग्णालय.
• १०८ आणि लस असलेल्या जवळच्या रुग्णालयाचा नंबर स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवा.
• नंतर ताप आला तर डॉक्टरांना गवताचं काम सांगा.

मावशी अजून येतात. डाव्या अंगठ्याला थोडी बधिरता राहिली आहे, पण काम तसंच चोख. गेल्या चतुर्थीच्या पहाटे मी दुर्वा काढायला परड्यात उतरले. दरवर्षीसारखीच, पायात स्लीपर, नऊवारीचा ओचा सावरत, अंधुक उजेडात. वाकले, गवतात हात घालणार, तोच मागून आवाज आला.

"ओ वैनी! बूट खंय? नि काठी कोण आपटणार?"

मावशी गमबूट घालून फाटकात उभ्या होत्या, हातात आकड्याची काठी. मला बाजूला सारून त्यांनी दुर्वांच्या वाफ्यावर दोनदा काठी आपटली, थांबल्या, बघितलं आणि मग म्हणाल्या, "आता घ्या."

मी मुकाट्याने घरात जाऊन बूट घालून आले आणि मगच एकवीस दुर्वांच्या जुड्या काढल्या.